पुराची रेघ

(सव, ता. महाड येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



संयोजकांनी मला विषय सुचवला होता, ‘बाजारातून समृद्धीकडे’. मी म्हटलं, त्या गावाला मी स्वतः अजून पोचलो नाही, तर वाट कशी सांगू? त्यापेक्षा मला तोट्यावर बोलू द्या. तोटा मला चांगला येतो.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो त्या गुरुजींचं नाव तोंडाने घ्यायची आमच्या पिढीला सवय नाही, म्हणून नुसतं गुरुजी म्हणतो. चौथीत त्यांनी एक तोंडी हिशेब घातला होता. एकाच्या घरात शंभर मण भात, निम्मं पुरात गेलं. राहिलं त्यात पुढच्या साली निम्म्याने भर पडली. तर किती झालं? सगळ्या वर्गाने एका सुरात सांगितलं, शंभर. गुरुजींनी छडी उचलली नाही. "परत मोजा," एवढंच म्हणाले आणि बाहेर पडवीत जाऊन बसले. उत्तर पंचाहत्तर. मी पुढे चाळीसेक वर्षं बाजारात काढली, त्यातली निम्मी या एका हिशेबाशी भांडण्यात गेली.

सवहून मी मुंबईला गेलो तो मस्जिद बंदरच्या एका पेढीवर. मेहताजींच्या हाताखाली खतावणी लिहायची, दुपारी भाव आणायला धावायचं. २००३ साली मुंबईत एमसीएक्स आणि एनसीडीईएक्स हे दोन वायदेबाजार संगणकावर सुरू झाले आणि पेढीवरचा आरडाओरडा पडद्यावर आला. पेढी सोडल्यावर मी स्वतःच्या पैशाने सौदे करू लागलो. वायदा म्हणजे काय ते इथल्या भातवाल्यांना समजावायची गरज नाही. माल पुढच्या महिन्यात, भाव आज. फरक इतकाच की मालाच्या पूर्ण किमतीऐवजी तिचा थोडा हिस्सा मार्जिन म्हणून भरायचा, आणि रोज रात्री नफातोटा खात्यात जमा-नावे व्हायचा. थोड्या पैशात मोठा माल हलतो. सगळं सुख तिथे आणि सगळं दुःखही तिथेच.

माझी पद्धत साधी आहे. तिला ट्रेंड फॉलोइंग म्हणतात. गेल्या वीस दिवसांतला सगळ्यात वरचा भाव ओलांडला की घ्यायचं, सगळ्यात खालचा मोडला की आधी विकून मंदी करायची. भाव का चढला हे विचारायचं नाही. चढतोय तोवर बसायचं, वळला की उतरायचं. अमेरिकेतल्या रिचर्ड डॉन्शियनने चार आठवड्यांचा हा नियम रूढ केला, आणि १९८३ मध्ये रिचर्ड डेनिसने पेपरात जाहिरात देऊन माणसं गोळा केली, त्यांना दोन आठवडे असलेच नियम शिकवले आणि स्वतःचे पैसे देऊन बाजारात सोडलं. सिंगापूरला कासवं वाढवतात ते पाहून आला होता म्हणे, म्हणून या शिष्यांना त्याने कासवं म्हटलं.

आपल्याला त्यासाठी सिंगापूर नको. आपली सावित्री जिथे समुद्राला मिळते त्या बाणकोटच्या पलीकडे वेळास आहे. तिथे ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला येतात, आणि पिल्लं पाण्यात जाताना बघायला आता मुंबई-पुण्याची गर्दी होते. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी. त्यातून निघालेल्या पिल्लांपैकी मोठं होईतो हजारात एखादंच जगतं, असं सांगतात. माझ्या वहीतले सौदे तसेच आहेत. दहांतले सहा, कधी सात, तोट्यात बंद होतात. बारीक बारीक तोटे, वाळूतून पाण्यापर्यंतही न पोचलेले. दोन जेमतेम भरपाई करतात. आणि वर्षातून एखाद-दुसरा असा निघतो की तो सगळ्यांचं देणं फेडून वर घर चालवतो. २०१० मध्ये क्विंटलला पंधरा हजारांच्या वर गेलेली हळद २०१२ च्या सुरुवातीला चार हजारांच्या आसपास आली होती. एवढी कशी पडेल, असं प्रत्येक हजाराला म्हणणारे वाटेत कितीतरी भेटले. मंदी करून गप्प बसलेल्याचं ते वर्ष होतं. पण ते वर्ष येईपर्यंत टिकायचं कसं, हा खरा प्रश्न. कासवीण एका अंड्यावर भिस्त ठेवत नाही.

मी ठेवली. २०११ साली, चांदीवर.

त्या जानेवारी-फेब्रुवारीत चांदीने वर डोकं काढलं. माझ्या खात्यात बारा लाख होते. ४६ हजारांना पाच किलोचे दोन मिनी लॉट घेतले. ५२ हजारांना आणखी दोन, ६० हजारांना दोन, ६८ हजारांना दोन. चढत्या भावात भर घालणं हे आमच्या पद्धतीत बसतं, पण किती घालायची याचा हिशेब मी नशेत सोडून दिला होता. २५ एप्रिलला चांदी ७३ हजारांच्या वर गेली. हातात चाळीस किलो, कागदावर नफा सहा लाख साठ हजार, खातं अठरा लाख साठ हजार. त्या आठवड्यात मी पुतण्याच्या लग्नात अंगठी घातली, आणि बायकोला सांगितलं की वरच्या मजल्याचं काम आता काढू.

मग अमेरिकेतल्या बाजाराने दोन आठवड्यांत पाच पायऱ्यांनी चांदीचं मार्जिन वाढवलं. २ मेला पहाटे आशियात व्यवहार सुरू होताच काही मिनिटांत भाव बारा टक्के कोसळला. माझा स्टॉप, म्हणजे ठरलेल्या भावाला सौद्यातून बाहेर काढणारी ऑर्डर, लावलेला होता. तो मी खाली सरकवला. दुसऱ्या दिवशी परत सरकवला. यातलं दुसरं सरकवणं मला अजून आठवतं. सकाळी चहा घेताना, उभ्या उभ्या, कुणाशी तरी फोनवर बोलत केलं होतं. ६ मेला अक्षय तृतीया होती. सराफाबाजारात मुहूर्ताला लोक रांगा लावून चांदी घेत होते, आणि मी ५४ हजारांना चाळीसच्या चाळीस किलो विकून मोकळा झालो. खात्यात अकरा लाख.

आता गुरुजींसारखं मोजू या. जानेवारीत बारा होते, मेमध्ये अकरा. गेलं किती? एक लाख. कुणालाही सांगितलं तर म्हणेल, एवढं काय. पण शिखर अठरा-साठचं होतं. तिथून मोजलं तर ४१ टक्के गेले, आणि परत तिथे जायला ६९ टक्के कमवायला हवेत. बाजारात याला ड्रॉडाउन म्हणतात, शिखरापासून खाली किती आलात ते. आमच्या खाडीकाठच्या एका मित्राने त्याला ओहोटी म्हणून बघितलं. मला पटलं नाही. ओहोटीची वेळ पंचांगात लिहिलेली असते, होडीवाला बिडी ओढत वाट बघत बसतो. याला वेळापत्रक नाही. मी त्याला खड्डा म्हणतो. दहा टक्क्यांचा खड्डा भरायला अकरा टक्के लागतात, वीसचा भरायला पंचवीस, पन्नासचा भरायला शंभर. आणि ऐंशी टक्के गेलेल्याला चारशे टक्के. म्हणजे मोठ्या खड्ड्यातला माणूस जास्त हुशारीने सौदे करत नाही, जास्त मोठे करतो, कारण त्याशिवाय हिशेबच बसत नाही. तिथून पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

मग उपाय कुठे? मी शोधला स्टॉपमध्ये, चार्टमध्ये, पुस्तकांत. तो सौदा घेण्याआधीच्या एका भागाकारात होता. पाच लाखांचं खातं धरा. एका सौद्यात एक टक्क्याच्या वर घालवायचं नाही, म्हणजे पाच हजार. समजा चांदी रोज सरासरी किलोमागे दीड हजारांनी हेलकावते. स्टॉप हेलकाव्याच्या आत ठेवला तर रोजच्या वाऱ्यानेच उडेल, म्हणून दुप्पट लांब, तीन हजारांवर. तो लागला तर तीस किलोच्या मोठ्या लॉटला नव्वद हजार जातील, मिनीला पंधरा हजार, एक किलोच्या मायक्रोला तीन हजार. परवानगी पाच हजारांची. उत्तर एक मायक्रो लॉट. एक किलो! मागे भिंतीला टेकलेल्या मुलांना हसू येतंय. मलाही आलं होतं. कारण ब्रोकरच्या पडद्यावर ‘अव्हेलेबल मार्जिन’ म्हणून जो आकडा दिसतो त्यात दोन-चार मिनी सहज बसतात. पण तो आकडा तुम्हाला किती झेपेल ते सांगत नाही. दुकानदार उधार किती देईल ते सांगतो.

एक टक्काच का, तर दहांतले सहा सौदे चुकणार असतील तर सलग दहा चुकण्याची शक्यता एकशे पासष्टात एक पडते. लांबची गोष्ट वाटते, पण वर्षाला साठ सौदे करणाऱ्याला ती सरासरी सातेक वर्षांत गाठते. त्या दहा तोट्यांत एक टक्कावाल्याचे साडेनऊ टक्के जातात, पाच टक्केवाल्याचे चाळीस, दहा टक्केवाल्याचे पासष्ट. सौदे तेच, भाव तेच, नशीब तेच. कासवांना आणखी एक नियम होता. खातं दहा टक्के खाली आलं की मूळ भांडवल वीस टक्क्यांनी कमी झालं असं समजून सौदे करायचे. पाचाचे साडेचार झाले तर चारच आहेत असं धरायचं. काही जाणकार म्हणतात, याने वर यायला वेळ लागतो. लागतो. मी तो वेळ देतो. खड्डा भरायला घेण्याआधी तो खोल व्हायचा थांबला पाहिजे, एवढी साधी गोष्ट मला ४१ टक्के मोजून कळली. या सगळ्या कासवांचा गुरू डेनिस, त्यालाही १९८७-८८ मध्ये एवढा जबर फटका बसला की लोकांचे पैसे सांभाळणं त्याने थांबवलं. नियम ठाऊक असणं निराळं.

आता पुराकडे येतो. त्यासाठीच गावात बोलायला राजी झालो.

महाडच्या बाजारपेठेत माझ्या एका शाळासोबत्याचं दुकान आहे. २००५ च्या जुलैत पाणी शिरलं तेव्हा ते उतरल्यावर भिंतीवर चिखलाची रेघ राहिली. त्याने तिच्यावर ऑइलपेंटने पट्टा ओढला, तारीख घातली आणि सुताराला बोलावलं. सगळी मांडणी त्या पट्ट्याच्या वर वीतभर. खाली फक्त बादल्या, दोर, पाण्याने न बिघडणारं. सोळा वर्षं ती व्यवस्था चालली. दर पावसाळ्यात पाणी यायचं, बादल्यांना लागून जायचं. माझ्याकडे बघून तो म्हणायचा, याला रिस्क मॅनेजमेंट म्हणतात ना रे? २२ जुलै २०२१ ला त्याची सगळ्यात खालची फळी बुडाली, मग मधली, मग वरची. आता त्या भिंतीवर दोन पट्टे आहेत आणि दोहोंमध्ये माझ्या हाताएवढं अंतर आहे. मी मापून बघितलंय.

माझ्या संगणकावरही असाच पट्टा होता. मागच्या पंधरा वर्षांच्या भावांवर पद्धत चालवून बघायची आणि सगळ्यात मोठा खड्डा किती आला ते काढायचं. माझ्या पद्धतीचा आला २२ टक्के. झालं, मी २२ ची तयारी केली. वीतभर वर म्हणून २५ धरले. पण तो आकडा म्हणजे आजवरच्या पुराची रेघ. पुढच्या पुराने ती वाचलेली नसते. आज मी जुन्या खड्ड्याची दुप्पट धरतो, आणि तेवढं गेलं तरी घरखर्चाला हात लागणार नाही एवढेच पैसे खात्यात ठेवतो. बाकीचे बँकेत, पोस्टात. ते माझ्या मित्राने आता केलंय तसं. निम्मा माल त्याने टेकडीवरच्या भावाच्या घरी ठेवलाय. मांडणी आणखी उंच केली नाही. (तळियेचं नाव मी या हिशेबात आणणार नाही. तिथे त्याच दिवशी दरड कोसळून जे झालं ते कुठल्या खतावणीत बसत नाही.)

दुसरी गोष्ट थोडी आडवळणाची आहे. महाडला पूर येतो तो एकट्या सावित्रीने येत नाही. गांधारी आहे, काळ आहे. एरवी तिन्ही आपापल्या चालीच्या, एक भरली तर दुसरी निवांत. पण घाटावर धो धो कोसळला की तिन्ही एका वेळी फुगतात, आणि त्यात भरतीची वेळ असेल तर बाणकोटची खाडी पाणी घेतच नाही. सौद्यांचंही तसंच. सोन्याचा सौदा, तांब्याचा सौदा, कच्च्या तेलाचा सौदा, जस्ताचा सौदा. मी म्हणायचो, चार सौदे आहेत, चार दिशांना विभागलेले. ऑक्टोबर २००८ मध्ये ते चारही एकाच दिशेला धावले. मार्च २०२० मध्ये परत. ज्या दिवशी विभागणीची गरज पडते नेमक्या त्याच दिवशी ती विरघळते. म्हणून धातूंचे तीन सौदे असतील तर मी ते मोजताना एकच मोजतो, आणि तिन्हींचा मिळून धोका दोन टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही.

हे खरं तर मी आधीच हळदीतून शिकायला हवं होतं. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत पेवं खणून हळद साठवत. तोंड मातीने बंद केलं की आत हवा नाही, कीड नाही, हळद वर्षानुवर्षं राहायची. २००५ च्या पुरात कृष्णेचं पाणी त्या पेवांत गेलं आणि हळद सडली. आमच्या पेढीच्या एका जुन्या गिऱ्हाइकाची महाडात वखार होती आणि हरिपूरच्या पेवांत हळद. एक माल कोकणात, एक देशावर, मध्ये अख्खा सह्याद्री. याहून चांगली विभागणी काय असते? आणि एकाच पावसाळ्यात दोन्ही बुडाले. तेव्हा तो आमच्याकडे येऊन बसला आणि म्हणाला, क्षेत्रमहाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात गायमुखातून पाणी पडतं ते बघितलंय का? कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री. आम्ही सगळ्यांनीच बघितलं होतं, तीर्थ म्हणून पिऊनही आलो होतो. एका डोंगरावर पाऊस पडतो, त्यातला थोडा पश्चिमेला आपल्या दारी येतो आणि थोडा पूर्वेला सांगलीला जातो. नकाशात दोन जिल्हे, उगम एक. २०२१ च्या त्याच आठवड्यात महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलीमीटर पाऊस नोंदला गेला, आणि इकडे महाड बुडत असताना सांगलीकर आयर्विन पुलाच्या पट्टीकडे बघत उभे होते. तेव्हापासून नवा सौदा घेताना मी भाव नंतर बघतो. आधी विचारतो, याचं गायमुख कोणतं?

तिसरं थोडक्यात सांगतो, कारण यात मी नव्हतो. टाळेबंदीत एमसीएक्स संध्याकाळी पाचला बंद व्हायचं. २० एप्रिल २०२० ला कच्च्या तेलाच्या वायद्याचा शेवटचा दिवस होता. भाव हजाराच्या खाली आलेला. इतकं स्वस्त तेल परत कधी मिळणार म्हणून कित्येकांनी घेऊन ठेवलं. शून्याच्या खाली तर जाणार नाही ना, हा हिशेब. पाचला बाजार बंद झाला. रात्री अमेरिकेत भाव उणे ३७.६३ डॉलर झाला आणि आपल्याकडचा वायदा पिंपाला उणे २,८८४ रुपयांनी निकाली निघाला. लॉट शंभर पिंपांचा. घेताना दिलेला भाव गेलाच, वर लॉटमागे दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. स्टॉप लावलेलेही त्यात होते. बंद दुकानाच्या दाराला लावलेल्या पाटीसारखा तो स्टॉप. ट्रेंडवाला नियमाने वागला असेल तर तो जानेवारीपासून मंदीतच होता, पण मी त्याचं कौतुक करणार नाही. उद्या उलट्या दिशेने हेच होईल तेव्हा तो त्यात असेल. शेवटच्या दिवसाच्या आठवडाभर आधी सौदा पुढच्या महिन्यात न्यायचा, एवढं मी पाळतो.

मागच्या पोरांनो, सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये शेअरबाजाराच्या फ्युचर्स-ऑप्शन्सवाल्यांचा तीन वर्षांचा हिशेब काढला. शंभरात त्र्याण्णव जण तोट्यात. तुमची पद्धत कोणती ते मी विचारत नाही. एमआयडीसीतला पगार झाला की त्यातले किती टक्के एका सौद्यावर लावता, ते घरी जाऊन कागदावर मांडा.

खड्ड्यात राहणं कसं असतं हे सांगायचं राहिलं. आकड्यांनी ते कळत नाही. चांदीनंतर मला जुन्या शिखरावर यायला अडीच वर्षं लागली. त्यातले महिनेच्या महिने नियमाप्रमाणे घेतलेला प्रत्येक सौदा स्टॉपला जायचा. वही उघडायला नको वाटायचं. घरात कुणी विचारलं, आज काय, तर मी हवापाण्याचं बोलायचो. सोडून द्यावं असं ज्या आठवड्यात सगळ्यात जास्त वाटलं, त्या आठवड्याचे सौदे घेतले नसते तर अडीचाची चार वर्षं झाली असती. हे आता मागे वळून दिसतं. तेव्हा तो इतरांसारखाच एक घाणेरडा आठवडा होता. एक मायक्रो लॉट असल्यामुळे मी तो घेऊ शकलो. मिनी असता तर हात थरथरला असता.

सध्या विचाराल तर मी चौदा टक्के खाली आहे. सातवा महिना. नियमाप्रमाणे आकार एकदा कापलाय. सकाळी इथल्या कुंडावर जाऊन आलो, पाणी तसंच कढत आहे. उद्या नऊला बाजार उघडेल तेव्हा जस्ताचा एक मिनी लॉट विकायची ऑर्डर आहे, वीस दिवसांचा तळ मोडला तर. स्टॉप वहीत लिहून ठेवलाय, आणि या वेळी शाईने.